हाताला बसेल ती गन

"काका, घरच्या घरी गाडी रंगवायची आहे. कुठली गन घेऊ?"

आठवड्यातून दोन दिवस, बुधवारी आणि शनिवारी, मी घाटकोपरच्या एका रंगाच्या दुकानात स्टुलावर बसतो, आणि हा प्रश्न मला दिवसातून चार वेळा तरी ऐकावा लागतो. विचारणारा बहुधा मोबाइल हातात धरूनच येतो. त्यात कोणीतरी गोरा माणूस आपल्या स्वयंपाकघरापेक्षा स्वच्छ गॅरेजात उभा राहून दहा मिनिटांत अख्खी गाडी रंगवून दाखवत असतो. मी विचारतो, "तुमची गाडी कुठे उभी असते?" उत्तर येतं, "सोसायटीच्या पार्किंगमध्ये, पाण्याच्या टाकीशेजारी." मग मी म्हणतो, "आधी सेक्रेटरीला विचारून या, मग गनचं बघू." निम्मे तिथेच गळतात.

मी अडतीस वर्षं गाड्या रंगवल्या. मुलुंडच्या गॅरेजात दत्ताराम पेंटर म्हणून लोक मला ओळखायचे. वडील मालवणहून गिरणीत आले, गिरणी बंद पडली तेव्हा मामाने मला गॅरेजात चिकटवलं, आणि मी तिथलाच झालो. इतकी वर्षं तोंडाला रुमालाखेरीज काही बांधलं नाही. मास्क लावणं म्हणजे घाबरटपणा, अशी आमची समजूत. शेवटी छातीने बोलायला सुरुवात केली. डॉक्टरांनी फोटो उजेडात धरून बघितला आणि सांगितलं, रंगाची गन यापुढे हातात धरायची नाही. मी घरी आलो, माझी गन थिनरने धुतली, जुन्या बनियनमध्ये गुंडाळली आणि माळ्यावर ठेवली. त्या दिवशी मी जेवलो नाही.

दुकानाचा शेठ माझ्या ओळखीचा. आज गन घेऊन जायची आणि आठ दिवसांनी "चालत नाही" म्हणून परत आणायची, अशा गिऱ्हाइकांना तो वैतागला होता. मला म्हणाला, "दत्ताराम, तू फक्त बस आणि लोकांना खरं काय ते सांग." खरं सांगायचं काम मला आयुष्यात पहिल्यांदाच मिळालं. गॅरेजात ते खातं मालकाने कधी उघडूच दिलं नव्हतं.

ज्यांना यातलं काही ठाऊक नाही त्यांच्यासाठी दोन शब्द सांगतो. कॉम्प्रेसरमधून हवा येते, कपातून रंग उतरतो, आणि गनच्या तोंडाशी हवा त्या रंगाचे बारीक तुषार करून गाडीवर उडवते. घरासाठी कप वर असलेली गन घ्यावी. रंग आपल्या वजनानेच खाली येतो आणि थोड्या हवेत काम भागतं. खाली डबा असलेली जुनी गन हवा फार पिते, घरचा छोटा कॉम्प्रेसर तिच्यापुढे धापा टाकायला लागतो. प्रायमर, म्हणजे रंगाखालचा पहिला थर, दाट असतो, त्याला मोठ्या भोकाची, स्वस्तातली वेगळी गन ठेवावी. गनच्या तोंडावर एक पितळी टोपी असते आणि तिला दोन बाजूंना दोन शिंगं असतात. आम्ही त्यांना कान म्हणतो. कानांना बारीक भोकं असतात. मागचा नॉब बंद ठेवला तर कानांतून हवा येत नाही आणि बारीक गोल धार पडते. नॉब उघडला की कानांतून हवा सुटते आणि धार पंख्यासारखी पसरते. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे गाडीवर मारण्याआधी गन पांढऱ्या कागदावर मारून बघायची, दर वेळी, कितीही घाई असली तरी.

एवढं सांगून झालं की मी शेवटी म्हणायचो, "बाकी सगळं हातात असतं, आणि हात काही दुकानात मिळत नाही." हे वाक्य मी फार ऐटीत टाकायचो. आता टाकत नाही.

गिऱ्हाइकं एकेक नग असतात. बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ भिंतीला रंग मारायच्या विजेच्या गनने गाडी रंगवून मोकळे झाले. दारावर हात फिरवला तर किसणीवर फिरवल्यासारखं वाटत होतं. "टेक्स्चर आलंय," ते म्हणाले. बोरिवलीचा एक तरुण रागारागाने गन परत घेऊन आला. त्याच्या गाडीच्या रंगात सगळीकडे गोल गोल खड्डे पडले होते. आम्ही त्यांना माशाचे डोळे म्हणतो. ते तेलामुळे पडतात. मी विचारलं, "रंग मारताना घरात काय चाललं होतं?" म्हणाला, "काही नाही हो, आई मागच्या पडवीत चकल्या तळत होती." जिथे तळणाचा वास पोचतो तिथे तेलही पोचतं, हे त्याला पटायला अर्धा तास लागला. गन परत घेऊन गेला, आणि पुढच्या बुधवारी मला चकल्या आणून दिल्या. चकल्या उत्तम होत्या.

हे सगळं सांगताना मी मोठा गुरू असल्यासारखं वाटेल, म्हणून माझ्या भावाचंही सांगतो. विठू माझ्यापेक्षा सात वर्षांनी लहान. मीच त्याला गॅरेजात आणलं, मीच शिकवलं. पहिलं अख्खं दार त्याने एकट्याने मारलं तेव्हा ते थोडं खरखरीत आलं, संत्र्याच्या सालीसारखं. पहिल्या दाराला ते येतंच. मी पाण्याचा पेपर, म्हणजे ओला करून घासायचा काचपेपर, घेतला, सगळ्यांसमोर ते दार घासून काढलं आणि स्वतः परत मारलं. मला वाईट काम बघवत नाही, हा माझा स्वभाव. त्याचा मला अभिमानही होता. विठूने गन हुकाला अडकवली आणि दुसऱ्या दिवसापासून आला नाही. पुढे त्याने रिक्षा घेतली. आमच्यात भांडण नाही, सणावाराला येणंजाणं आहे. पण रंगाचा विषय निघाला की तो उठून पाणी प्यायला जातो.

आता पास्कलचं सांगतो. हा सगळा खटाटोप त्याच्यासाठीच आहे.

दोन वर्षांपूर्वी, गणपती होऊन दसरा जवळ येत होता तेव्हा, एका शनिवारी एक जोडपं दुकानात आलं. बाई पुढे, पुरुष मागे. बाई ठेंगणी, फुलाफुलांचा फ्रॉक, हातात गाडीची चावी. ती फिलोमिना, सरकारी इस्पितळातून निवृत्त झालेली नर्स. मागचा उंच, वाळका माणूस तिचा नवरा पास्कल. अंधेरीला मरोळकडच्या गावठाणात त्यांचं घर. पास्कलचा उजवा हात पँटच्या खिशात होता.

"घरी गाडी रंगवायची आहे," फिलोमिनाबाई म्हणाल्या. "ह्याला गन हवी."

"रंगवणार कोण?"

"मी," पास्कल म्हणाला, आणि त्याने खिशातून हात बाहेर काढला. उकळी आल्यावर पातेल्यावरचं झाकण हलतं, तसा तो हात हलत होता.

मी म्हणालो, "साहेब, राग मानू नका, पण तुमच्या हाताला बसेल अशी गन नाही. आणि हात काही दुकानात मिळत नाही."

त्याने हात परत खिशात घातला. "बरोबर आहे तुमचं," तो म्हणाला. "मुलगापण तेच म्हणतो." आणि दाराकडे वळला. तो हात खिशात गेला तेव्हा मला जे वाटलं ते आजही तसंच्या तसं आठवतं. मला माझी लाज वाटली.

"ए पेंटर, थांब जरा," फिलोमिनाबाई कडाडल्या. शेठचं डोकं काउंटरवरून वर आलं. "पास्कल, तूपण थांब. आणि पेंटर, तू ऐकून घे आधी. हा चाळीस वर्षं एका कंपनीत ड्राफ्ट्समन होता. मशीनचे नकाशे काढायचा, हाताने. कंपवात होऊन तीन वर्षं झाली. दाढी मी करते. चहा अर्धा कप देते, सांडतो म्हणून. गाडीची चावी मी घेतली. जे जे ह्याच्या हातातून काढता येईल ते ते आम्ही काढून घेतलं. दसऱ्यानंतरच्या दुसऱ्या रविवारी आमच्या लग्नाला पन्नास वर्षं होतात. चर्चमध्ये मासची प्रार्थना आहे. मुलगा परदेशातून फोनवर सांगतो, तो खटारा भंगारात द्या, टॅक्सी करा. मला टॅक्सी नको. मला त्याच गाडीतून जायचंय आणि ती ह्याने रंगवलेली पाहिजे."

"फिलू, पुरे," पास्कल पुटपुटला.

"पुरे नाही. आणि पेंटर, मी नर्स आहे, मला शिकवू नकोस. ह्याचा हात थांबला की थरथरतो. चालता असला की नाही. तूच बघ हवं तर."

मी बघितलं. दुकानाच्या मागच्या गल्लीत भिंतीला वर्तमानपत्रं चिकटवली, एका नव्या गनच्या कपात पाणी भरलं आणि पास्कलच्या हातात दिली. प्रत्येक शिकाऊ पेंटरला पहिल्या दिवशी जे सांगतात तेच त्याला सांगितलं. हात आधी चालू करायचा, मग ट्रिगर दाबायचा. शेवटी ट्रिगर आधी सोडायचा, मग हात थांबवायचा. गन चालू असताना हात कधीच उभा राहता कामा नये, नाहीतर तिथे रंग साचतो आणि ओघळतो.

कागदावर ओला पट्टा उमटला. या टोकापासून त्या टोकापर्यंत, पट्टी धरून आखल्यासारखा. त्याच्याखाली दुसरा, निम्मा पहिल्यावर चढलेला. मी शिकवलंही नव्हतं तोपर्यंत. थांबला की तो हात परत थरथरायला लागायचा, पण आमच्या धंद्यात थांबलेल्या हाताला कामच नाही. अडतीस वर्षं मी हे काम केलं आणि हे माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं.

चौथ्या पट्ट्याला मात्र त्याची बोटं सुटली. नव्या गनची स्प्रिंग कडक असते. ट्रिगर दाबून धरायची ताकद त्या बोटांत नव्हती. शेठने कपाटातल्या सगळ्या गन काढल्या, एकीचाही ट्रिगर पुरेसा हलका नव्हता. पास्कल कपाळावरचा घाम पुसत म्हणाला, "जाऊ दे, पेंटर. बघितलंस ना, सरळ गेली. तेवढं पुरे."

तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, "माझ्याकडे एक आहे."

शेठ माझ्याकडे बघतच राहिला, आणि ते साहजिकच होतं. पेंटर आपली गन दुसऱ्याच्या हातात देत नाही. ती आपल्याच बोटांनी झिजलेली असते, आपल्या अंगकाठीला सरावलेली असते. विठूलासुद्धा मी माझ्या गनला हात लावू दिला नव्हता. पण माझ्या गनचा ट्रिगर दाबून दाबून इतका मऊ झालेला होता की लहान मुलाने दाबला तरी हलला असता. पास्कलच्या हाताला बसेल अशी गन सबंध मुंबईत असलीच तर ती माझ्या माळ्यावर होती.

पुढचे दिवस मी एक दिवसाआड मरोळला जात होतो. अंगणात आंब्याखाली ती पांढरी गाडी उभी असायची. बॉनेटचा रंग जुन्या भिंतीसारखा पोपडे धरून सुटलेला. पास्कलला आधी मी "साहेब" म्हणायचो. तिसऱ्या दिवशी तो वैतागला. "तू म्हण रे. मी काय पाद्री आहे?" तेव्हापासून तो माझा पास्कल झाला. त्याला पहिली वस्तू मी घ्यायला लावली ती हवा गाळणाऱ्या कोळशाच्या डब्या लावलेला मास्क. रंगही लगेच सुकणारा, जुन्या पद्धतीचा निवडला; चमक कमी, ती मागाहून घासून आणावी लागते, पण उघड्या अंगणात ओल्या रंगावर धूळ बसायला वेळच मिळत नाही. पोपडे काढणं, पुट्टी भरणं, पाण्याच्या पेपरने घासणं, सगळं त्याने केलं. प्रायमर दुकानातल्या मोठ्या भोकाच्या, कडक गनने मारला. दर दोन पट्ट्यांनी थांबून, बोटं चोळून, परत. खरखरीत आला. पण प्रायमर घासायचाच असतो.

मी हात पाठीमागे बांधून उभा राहायचो. एकदा फिलोमिनाबाईंनी विचारलं, "पेंटर, तू शाळेत शिक्षा झाल्यासारखा का उभा असतोस?"

"माझ्या हातांना खोड आहे," मी म्हणालो. "दुसऱ्याचं काम हिसकावून घेतात."

त्या आत जाऊन तिघांचा चहा घेऊन आल्या. पास्कलचा कप त्या दिवशी पूर्ण भरलेला होता.

मध्ये खंडेनवमी आली. आमच्याकडे त्या दिवशी हत्यारांची पूजा करतात. माझी गन दरवर्षी तेवढ्यापुरती माळ्यावरून खाली यायची. पाटावर विळी, हातोडी, पकड आणि मध्ये गन. माझी बायको सुलभा झेंडूची फुलं वाहते, हळदकुंकू लावते. त्या दिवशी मी तिला म्हणालो, ही परवा कामाला जाणार आहे. तिला इतका आनंद झाला की विचारू नका. "औंदा ही कामाक जातली मगे, वायच जास्तच लावतंय," म्हणाली, आणि बोटाने गनच्या तोंडावर, कानांवर, सगळीकडे कुंकू लावलं. मीपण कौतुकाने बघत बसलो.

दसरा झाल्यावर शनिवारी रंगाचा दिवस ठरला; शेठकडून मी सुट्टी घेतली. ऊन कडक, वारा नाही, हवा कोरडी. पेंटरला आणखी काय हवं? मी गन बाहेरून फडक्याने पुसली, कपात थिनर घालून दोन फवारे अंगणातल्या मातीवर मारले आणि रंग भरून पास्कलच्या हातात दिली. ट्रिगर दाबल्यावर त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. "अरे, ही तर लोणी आहे," तो मास्कमधून म्हणाला.

आधी कडा आणि कोपरे मारायचे, बारीक धारेने, म्हणजे मागचा नॉब बंद. ते सगळं झकास झालं. मग बॉनेट. मी पुढे होऊन नॉब उघडला, पंखा मोकळा केला आणि मागे सरलो. पास्कलने श्वास घेतला, हात हलवला, मग ट्रिगर दाबला. एक पट्टा, त्यावर निम्मा दुसरा, त्यावर निम्मा तिसरा. तो उंच माणूस बॉनेटवरून वाकून डावीकडून उजवीकडे जात होता, परत येत होता, आणि त्या हातात कंपवाताचा मागमूस नव्हता. पायरीवर उभ्या असलेल्या फिलोमिनाबाईंनी तोंडावर हात धरला होता. मला वाटलं, इतकं सुंदर बॉनेट मी गॅरेजात कितीदा बघितलं असेल? फार नाही.

शेवटचा पट्टा संपला. पास्कलने ट्रिगर सोडला, हात थांबवला, गन खाली ठेवली. तेवढ्यात आंब्याची सावली सरकली, ऊन बॉनेटवर आलं आणि आम्हा दोघांना एकदमच दिसलं. पांढऱ्याशुभ्र रंगात गुलाबी ठिपके होते. पंधरावीस तरी. बारीक, पण पांढऱ्यावर लपतात थोडेच?

पास्कलने मास्क काढला. मग म्हणाला, "सांगितलं होतं मुलाने. हात गेला तो गेला."

मला एका क्षणात सगळं कळलं होतं. कुंकू कानांच्या भोकांत जाऊन बसलं होतं. नॉब बंद होता तोवर कानांतून हवाच गेली नाही. पंखा उघडल्यावर हवेने ते एकेक कण बाहेर काढून ओल्या रंगावर फेकले. पंखा उघडून पांढऱ्या कागदावर मारून बघितलं असतं तर तिथेच दिसलं असतं. जगाला दर बुधवारी आणि शनिवारी मी तेच सांगतो, आणि स्वतः मात्र मातीवर दोन फवारे मारून मोकळा झालो होतो. दत्ताराम पेंटरला कागद कशाला लागतो!

आणि कळूनही मी काय म्हणालो? "धूळ असेल," असं म्हणालो. अडतीस वर्षांत मी एकाही गिऱ्हाइकाला "चूक माझी" म्हटलेलं नव्हतं. गॅरेजात चूक नेहमी रंगाची असते, हवेची असते, कॉम्प्रेसरची असते. जिभेला तेच वळण होतं.

"गुलाबी धूळ?" पास्कल म्हणाला. तो चिडला नव्हता. मला बरं वाटावं म्हणून किंचित हसला, आणि त्याने हात खिशात घातला.

दुकानात घातला होता तसाच. ते मला बघवलं नाही. मी गन उचलली, टोपी फिरवून काढली, खिशातला पांढरा रुमाल बॉनेटशेजारी पसरला आणि त्यावर टोपी आपटली. रुमालावर लाल-गुलाबी भुकटी पडली.

"पास्कल, हे कुंकू आहे," मी म्हणालो. "आमच्या घरच्या पूजेचं. कानांत अडकलं होतं आणि मी कागदावर मारून बघितलं नाही. चूक माझी आहे. तुझ्या हाताची नाही."

तो रुमालाकडे बघत म्हणाला, "आणि माझे पट्टे?"

"बघ ना तूच. एक ओघळ दाखव मला. एक ठिकाण दाखव जिथे तुझा हात अडखळला."

पास्कल वाकला. नकाशावरची रेघ सरळ आहे का ते बघायला ड्राफ्ट्समन नजर कागदाच्या पातळीला आणतो, तशी त्याने मान खाली नेली आणि एक डोळा मिटून बॉनेट या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितलं. सावकाश, दोनदा. वर आला तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी होतं आणि तो हसत होता. "फिलू," तो ओरडला, "अगं, कुंकू आहे. माझा हात नाही, कुंकू आहे!"

"म्हणजे गाडी लग्नाची झाली की," फिलोमिनाबाई डोळे पुसत पायऱ्या उतरल्या. "पेंटर, आता मंगळसूत्र घेऊन ये तिला."

मी हसलो खरा, पण माझेही डोळे भरून आले होते. "मी करतो नीट," हे शब्द ओठांपर्यंत आले आणि मी ते गिळले. म्हणालो, "तासभर वाळू दे. मग पेपर मार, पुसून घे आणि परत मार. कानांतलं कुंकू तेवढं मी काढतो. ते माझं काम." पास्कलने संध्याकाळपर्यंत बॉनेट परत मारलं. पहिल्यापेक्षा चांगलं झालं.

त्या संध्याकाळी घरी येऊन मी विठूला फोन केला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणालो, "विठू, तुझ्या त्या दारात वाईट काही नव्हतं रे."

"कुठलं दार?" तो म्हणाला. मग स्वतःच विचारलं, "निळं?"

"हो. निळं."

"आता सांगतोस होय," तो म्हणाला. मग म्हणाला, "बरं झालं सांगितलंस."

पुढच्या आठवड्यात बाकीची गाडी रंगवून झाली, घासून चमक आली. रविवारी फिलोमिनाबाई स्वतः ती चालवत चर्चला गेल्या, शेजारी सूट घातलेला पास्कल, मागच्या सीटवर मी आणि सुलभा. फादरांनी बाहेर येऊन गाडीवर पाणी शिंपडलं तेव्हा मी मनात म्हटलं, बरं झालं, रंग ओला नाही. निघताना पास्कलने फडक्यात गुंडाळलेली गन माझ्यापुढे धरली. मी ती घेतली नाही. "ठेव तुझ्याकडे," म्हणालो. पुढच्या महिन्यांत त्याने त्या गनने शेजाऱ्याची सायकल रंगवली, गावठाणातल्या क्रूसाभोवतीचं रेलिंग रंगवलं. हाताची तक्रार मात्र वाढतच होती. उन्हाळ्यानंतर डावा हातही हलायला लागला, आणि चालतानाही उजवा पूर्वीसारखा शांत राहीना. ते मला फिलोमिनाबाईंनी फोनवर सांगितलं. पास्कलने कधी सांगितलं नाही.

गेल्या वर्षी खंडेनवमीला सकाळी सुलभाने पाट मांडला. विळी, हातोडी, पकड ठेवली आणि मधली जागा मोकळी बघून माझ्याकडे वळली. "गन खय?"

"पास्कलकडे."

"मगे पूजा कसली करतलास?"

तेवढ्यात खाली हॉर्न वाजला. खिडकीतून बघितलं तर ती पांढरी गाडी. फिलोमिनाबाईंनी दार उघडून धरलं होतं आणि पास्कल उतरत होता, छातीशी बिस्किटांचा पत्र्याचा डबा दोन्ही हातांनी घट्ट धरून. दोन जिने चढायला त्याला बराच वेळ लागला. खुर्चीत बसला, धाप ओसरली, मग म्हणाला, "आज हिची पूजा असते ना? म्हणून आणली."

मी डबा उघडला. गन लखलखत होती. माझ्याकडे होती तेव्हाही मी तिला इतकं स्वच्छ ठेवलं नव्हतं. आणि तिच्या तोंडावर मास्किंग टेप लावलेली होती. नोझलवर एक तुकडा, दोन्ही कानांवर दोन नखाएवढे तुकडे, एकही भोक उघडं नाही. टेपच्या कडा सरळ, कुठे सुरकुती नाही. मी फिलोमिनाबाईंकडे बघितलं.

त्यांनी दोन्ही हात वर केले. "मी हातपण लावला नाही. पहाटेपासून बसला होता. किती तुकडे वाया गेले ते विचारू नकोस."

पास्कलचे दोन्ही हात मांडीवर थरथरत होते. त्याने ते खिशात घातले नाहीत. गन मी पाटावर मधोमध ठेवली, तशी तो सुलभाकडे वळून म्हणाला, "वहिनी, आता लावा कुंकू. पाहिजे तेवढं लावा."